फुग्यांना मीठ चालत नाही

फुगण्याचं शास्त्र अख्ख्या रायगड जिल्ह्यात कुणाला कळलं असेल, तर ते माझ्या धाकट्या नणंदेलाच! घरात ती कुणावरही, कशावरूनही फुगते आणि खारघरच्या कॉलेजातल्या लॅबमध्ये पगार घेऊन फुगे फुगवते. फुगे म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या, चरबीच्या अतिपातळ पडद्याच्या पोकळ पिशव्या. काचेवर चरबीचा थर सुकवायचा, त्यावर साखरेचं पाणी सोडायचं, किंचित वीज द्यायची आणि दोन तास गप्प बसायचं. थर आपणहून सुटून फुगतो. गप्प बसणं तिला फक्त तिथेच जमतं. जवळ कुणी शिंकलं तर अशी बघते, की शिंक अर्ध्यातून परत जावी. घरी साबुदाणा भिजत घातला तरी झाकणावर चिठ्ठी : ‘हलवू नये’. एकदा फुग्यांची नळी घेऊन आम्ही दोघी पनवेलला येत होतो. ही रिक्षावाल्याला म्हणाली, “दादा, खड्डे सांभाळून. नाजूक जीव आहेत.” त्या बिचाऱ्याने माझ्या पोटाकडे पाहिलं आणि रिक्षा अशी हाकली, की सायकलवाले पुढे गेले. माझी तेव्हा बेचाळिशी उलटली होती हो!

खरी गंमत पुढेच आहे. आमचं सगळं घराणं मिठागरातलं, आणि हिच्या फुग्यांना मीठ चालत नाही! पाणी खारट असलं की थर काचेला चिकटून बसतो, फुगतच नाही. माझे सासरे, आबा, उभा जन्म मिठागरात राबलेले. पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं की मीठ कधी धरेल ते सांगायचे. ते हिला चिडवत, “जे दिसत नाय, ते हाय कशावरनं?” की ही दोन दिवस फुगलेली. पण आबांना काचबिंदू निघाला. एक डोळा गेला, दुसरा चाललाय, आणि गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून ही फुगायची थांबली. मला म्हणाली, “वैनी, नजर आहे तोवर आबांना एकदा दाखवायचंय गं.”

परवानगी काढून एका शनिवारी आम्ही आबांना लॅबमध्ये नेलं. पहिली काच, काही नाही. दुसरी, तरी नाही. हिचा चेहरा एवढुसा झाला. आबांचा डोळा दमून पाझरायला लागला होता. एवढ्यात त्यांनी, कुणाला न विचारता, समोरच्या बाटलीत बोट बुडवून चाटलं.

“आबा! इथे काही चाखायचं नसतं!” ही किंचाळली.

“साखर कुटं हाय? खारट हाय गो ह्ये!”

गडबडीत हिनेच शेजारची मिठाच्या पाण्याची बाटली उचलली होती. मी इतकी हसले, की माझ्यावरही ती फुगली असती. पण तेवढा वेळ नव्हता.

बाटली बदलली, आणि संध्याकाळी तिसऱ्या काचेवर फुगे आले. आबांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

“गोल गोल हायत,” ते म्हणाले. “किती गो! पन आत काय?”

“आत औषध भरता येतं, आबा. पडदा ते सांभाळून नेतो.”

“डोल्याचं?”

एरवी एका शब्दाला दहा उत्तरं देणाऱ्या ह्या बयेने आज एकच दिलं. “तुमची नजर परत आणील असं औषध अजून नाही, आबा.”

आबांनी डोळा काढला नाही. “बरं,” म्हणाले, “मला बगू तर दे आनखी जरा.”

लॅब बंद करायची वेळ टळून गेली होती. ती रडत होती, मीही. आबांनी अजून बघावं, बघतच राहावं, एवढंच मला वाटत होतं.