धोबी पक्षी गेला, हे ठरवायचं कसं?

"आहे! अजून आहे! पिवळाच आहे, अण्णा, शंभर टक्के पिवळा!" असं ओरडतच मी त्या सकाळी फाटकातून आत शिरलो. दारात चपलांचा ढीग पडला होता, तो मला दिसलाच नाही. ज्याला दारातल्या चपला दिसत नाहीत, त्याला तळ्यावर पक्षी बघायला पाठवायची वेळ अण्णांवर आली होती, यावरून त्यांचा नाइलाज लक्षात यावा. आत शेजारीपाजारी, नातेवाईक खाली मान घालून बसले होते. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. भिंतीला टेकून बसलेल्या अक्का म्हणाल्या, "स्वल्प उशीर झाला रे तुला..."

विठ्ठलराव मोरे, म्हणजे अण्णा, हे बनशंकरीतले माझे घरमालक, आणि अक्का त्यांच्या पत्नी. त्यांचे पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी इकडे कन्नड मुलखात आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. मी नोकरीसाठी पुण्याहून आलो आणि त्यांच्या माडीवर भाडेकरू म्हणून राहिलो. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "सकाळी उठतोस कधी?" मला वाटलं, नळाच्या पाण्याची भानगड असेल. छाप पाडायला म्हणालो, "मी? उजाडायच्या आत!" या एका थापेपायी माझी पुढची सगळी वर्षं झोपेविना गेली.

कारण अण्णांना पक्ष्यांचं वेड होतं, आणि तेही उलटं. थंडीत उत्तरेकडून येणारे पाहुणे पक्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये परतीला लागतात. तेव्हा अण्णांचे मित्र कुणी जे. पी. नगरहून, कुणी मारतहळ्ळीहून फोन करून आज हे दिसलं, आज ते दिसलं म्हणून सांगत. अण्णा नाक मुरडत. "आलेला कुणालाही दिसतो. गेला कधी, ते सांगा की! पक्षी काय निरोप घेऊन जातो?" त्यांचं सगळं लक्ष घरामागच्या तळ्याच्या सांडव्यावर येणाऱ्या करड्या धोब्यावर. चिमणीएवढा जीव, पोटाला पिवळा, लांब शेपूट सारखी खालीवर. तो दिसेनासा झाला, की त्यानंतर अख्खा पंधरवडा रोज जायचं आणि रिकामं परत यायचं. मधे एकदा जरी दिसला तरी मोजणी पहिल्यापासून. पंधरवडा कोरा गेला, तरच तो शेवटी दिसला तो दिवस जायचा दिवस म्हणून पक्का.

"म्हणजे अण्णा, आपण पक्षी नसलेलं तळं बघायला जातो?" मी एकदा जांभई आवरत विचारलं.

"बरोबर. तुम्हा पुण्याच्या लोकांना ते जमत नाही. तुम्हाला काहीतरी दिसायलाच पाहिजे."

आणि मला दिसायचंच! एका वर्षी अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि वसंतातली ती कामगिरी माझ्या गळ्यात पडली. मी रोज इमानदारीत सांगायचो, "आहे." मार्च गेला, एप्रिल गेला, "आहे." अण्णा हरखले, असा मुक्काम कधी झाला नव्हता म्हणे. मे महिन्यात काळा चष्मा लावून ते स्वतः आले. मी अभिमानानं बोट दाखवलं. सांडव्यावर काळापांढरा, भुवया पांढऱ्या असलेला पक्षी शेपूट हलवत होता.

"गाढवा, हा इथलाच! बारा महिने इथंच असतो." मग म्हणाले, "आमच्यासारखा. आम्हालाही लोक अजून विचारतातच, गावाला परत कधी जाणार म्हणून." ते अख्खं वर्ष त्यांनी रद्द केलं, आणि पाहुणा आला की माझी ओळख 'पोट न बघणारा' अशी करून द्यायला लागले.

यंदा हृदयानं दगा दिला. डॉक्टरांनी बाहेर पडायचं नाही म्हणून बजावलं. पुन्हा मीच! परत आलो की खाटेशेजारी उलटतपासणी. "पोट?" "पिवळं." "शेपूट?" "हलत होती." "सगळ्यांचीच हलते रे! लांब होती का, ते सांग!" मी वैतागून म्हणालो, "अण्णा, एखादा दिवस इकडेतिकडे झाला तर पक्ष्याला काही फरक पडतो का?" ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत. "हे वर्ष घालवू नको एवढंच," म्हणाले. "पुढचं मला मिळेलसं वाटत नाही..."

आणि वर्ष उघडं टाकून तेच आधी गेले. धोबी बसलाय शेपूट हलवत! ऑफिसात साहेब विचारतात, रोज उशीर का? काय सांगणार? तेराव्याच्या सकाळीही मी तळ्यावर होतो. मग एका सकाळी सांडवा रिकामा दिसला, दुसऱ्या दिवशीही. पाचसहा दिवसांनी दगडांत पिवळं काहीतरी हललं आणि मी कपाळाला हात लावला. आता पुन्हा पहिल्यापासून! जवळ गेलो, तर प्लास्टिकची पिशवी.

कोऱ्या दिवशी परत आल्यावर अण्णांची एक रीत असे. चपला काढायच्या आधी दारातूनच मोठ्यानं म्हणायचं, "आज नाही." स्वयंपाकघरातून अक्का कन्नडमध्ये म्हणायच्या, "सरी," म्हणजे बरं. पहिल्या कोऱ्या सकाळी मीही दारात उभं राहून तसं म्हणालो. आत भांड्यांचा आवाज थांबला. मग हळूच आलं, "सरी."

परवा पंधरवडा पुरा झाला. शेवटी दिसला त्याचं पोट पिवळं होतं, शेपूट लांब होती, दिवस पक्का. मी अक्कांना सांगितलं, "झालं अक्का. अण्णांचं वर्ष वाया गेलं नाही. उद्यापासून जायला नको."

अक्का बीन्स मोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुझे डोळे त्यांच्या निम्म्यानं. तुला पंधरवडा कसा पुरेल? महिना जा."

आज सकाळीही सांडवा रिकामा होता. दारात येऊन तसं सांगितलं.

"सरी," आतून आवाज आला. "उद्या नीट बघ."