आज पोळ्या लाटल्या नाही

बायांनो, आज ड्युटीवरून घरी आली तं पोळ्या करायचं अगदी जीवावर आलं. मंग तुरीचं वरण पातळ केलं, फोडणी देली आन कणकीचे तुकडे कापून त्यातच शिजवले. झाली वरणफळं. गॅसवर एकच गंज, एकच स्वयंपाक. कोणाले नावं ठेवायची तं ठेवा.

बोरी अरबले माहेरी कापूस वेचायच्या दिवसांत आई हेच करे. दिवसभर वावरात वाकून तिची कंबर धरलेली असे. आम्ही पोट्टे मात्र सण असल्यावाणी खुश. वरून जवसाचं कच्चं तेल.

आज सगळ्यायले वाढलं आन मीही ताट घेऊन बसली. पोरगी माह्याकडे पाहतच राह्यली. म्हणे, "मम्मी, आज तू आमच्यासंगंच जेवून राह्यली?"

मले आई आठवली. पोळ्यायच्या दिवशी आई चुलीजवळून गरम गरम वाढे आन सगळ्यायचं झाल्यावर एकटी जेवे. वरणफळाच्या दिवशी तेवढी ती आमच्यात बसे. आमचा सण तो होता.

पोरीले म्हटलं, "सरक जराशी."

सांगा बरं, तुमची आई कोणत्या जेवणाले तुमच्यासंगं बसे?