राक्षसपार्टीचं मरण

माझी ताई, अक्षदा, परळला रक्त तपासायच्या एका लॅबमध्ये काउंटरवर बसते. दिवसभर एकच सूर. "टोकन एकोणचाळीस. उपाशीपोटी आहात ना? बाजूला बसा." मी आमच्या काळाचौकीच्या चाळीतल्या कुणाचीही नक्कल करते. मासळीवालीशी भाव करताना तुळसाकाकू कशा आधी नाक मुरडतात आणि मग तोंड उघडतात, तेही करून दाखवते. पण ताईला करायला घेतलं की हाताला काही लागतच नाही. चढ नाही, उतार नाही. स्टेशनातली अनाउन्समेंट बरी, तिला निदान खेद तरी असतो.

बारा वर्षांची होईपर्यंत ती अशी नव्हती.

आमचे आजोबा, गणपत, गिरणीत साचेखात्यात मागांवर होते. पण ओळख विचाराल तर ते गिरणीचं नाव सांगत नाहीत. छाती पुढे काढून सांगतात, "मी राक्षसपार्टी." गावच्या मंडळाचा लालबागला दशावतार व्हायचा, त्यात राजाचं काम करणारा तो राजापार्टी आणि राक्षसाचं करणारा राक्षसपार्टी. बावीस वर्षं आजोबा राक्षस झाले आणि बावीस वर्षं मेले. दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं. मंडळाचा मालक रंगायच्या खोलीत कथा सांगतो, कोण कोण ते ठरवतो, बोलणं ज्याचं त्याने रचायचं. सामान म्हणाल तर एक बाकडं. तेच सिंहासन, तीच गुहा.

हे सगळं ताईने उचललं. गॅलरीत आजोबा राजा आणि ही राक्षस. लाकडी तलवारी खणखण. तुळसाकाकू ओरडायच्या, "गणपतभाऊ, माझे कपडे वाळतायत हो!" पण मंडळात मुलींना काम नव्हतं. बायकांची कामंसुद्धा बापयेच साडी नेसून करायचे. म्हणजे सगळं येतंय आणि उभं राहायला जागा नाही. ताईला एकदा, फक्त एकदा, लोकांसमोर राक्षस करायचा होता.

तिच्या वर्गात ध्रुव म्हणून मुलगा होता. गिरणीच्या जागेवर झालेल्या टॉवरमध्ये एकतिसाव्या मजल्यावर राहायचा. बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी "राइट?" आणि उत्तराची वाट बघायची नाही. त्याच्या मामाने परदेशातून एक खेळ आणला होता. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी आपापल्या पात्राचं बोलायचं. मारामारीत काय होणार ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. चौघं हवे होते, एक कमी पडत होता. "अक्षदा, तू येशील? सोपं आहे, राइट?"

ताईने घरी येऊन आजोबांना सांगितलं. आजोबा खाटेवर ताठ बसले.

"म्हणजे मालक कथा सांगता आणि बोलणी तुमीच रचतास?"

"हो."

"मगे ह्यो आमचोच धयकालो, आमचो दशावतार झालो गो! काम खयचा दिलानी तुका?"

"राक्षस. बाकी कोणालाच नको होता. बुद्धी कमी आहे म्हणे त्याला."

आजोबांनी देवाच्या फोटोला हात जोडले. मग आठवडाभर तालीम. आवाज पोटातून काढ. डोळे आधी, तलवार मागनं. आणि शेवटी मरण. "राजा समोर इलो, की राक्षसाचो घडो भरलो. मराचाच असता. पण असा मराचा, की लोकांनी म्हणाक व्हया, आणखी एकदा मर."

रविवारी दुपारी आईने "किर्ती, जा हिच्यासोबत" म्हणून मला धाडलं. मी नऊ वर्षांची. लिफ्टमध्ये ताई ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती आणि माझा हात इतका घट्ट धरला होता की माझी बोटं पांढरी पडली.

गोष्ट ध्रुव सांगणार होता. त्याच्यासमोर पुठ्ठ्याचा आडोसा, त्यामागे त्याचे कागद. एका बाजूला हर्षवर्धन, तो सारखा फासा फुंकायचा. दुसऱ्या बाजूला प्रिती, तिचं पात्र जादूगारीण, आणि त्या पात्राची चित्रं काढून तिने अख्खी वही भरलेली.

"सो गाइज," ध्रुव म्हणाला, "तुम्ही गुहेत शिरता. समोर दोन पहारेकरी. अक्षदा, काय करतेस?"

ताईने जेवणाच्या टेबलाचं बाकडं ओढलं, त्यावर एक पाय ठेवला आणि पोटातून आवाज काढला, "अरे मूर्खांनो! या दैत्याच्या वाटेत उभं राहण्याची तुमची छाती झालीच कशी?"

खिडकीच्या काचा हलल्या असतील. आतून ध्रुवची आई धावत आली. "काय पडलं?"

"काही नाही मम्मा, अक्षदा बोलतेय."

हर्षवर्धन हसत खुर्चीवरून घसरला. ध्रुव म्हणाला, "अगं, एवढं नको. 'अटॅक' म्हण आणि डाइस टाक, राइट?"

ताई बसली. पुढचा दीड तास ती फक्त "अटॅक" म्हणाली आणि फासे टाकत राहिली. पण फासे तिच्या बाजूने पडत होते. पहारेकरी मेले, कोळी मेले, हाडांचे सापळे मेले. प्रितीसुद्धा म्हणाली, "भारी आहे हिचा राक्षस." तिघांनी मिळून शेवटच्या दालनाचं दार उघडलं. ध्रुवने आवाज जड केला. "आत सिंहासन. आणि त्यावरून उठतो सोन्याचं चिलखत घातलेला राजा."

मी ताईकडे पाहिलं. तिचा चेहरा असा उजळला, की मला कळलं. घडा भरला.

ध्रुव म्हणाला, "राजा अक्षदावर तलवार उगारतो. अक्षदा, डाइस..."

फासा टेबलावरच राहिला. ताई उठली, छातीवर हात मारला, "हे राजा, तुझ्या हातून मरण म्हणजे माझा उद्धार!" म्हणाली, तीन गिरक्या घेतल्या, बाकड्याला टेकली, गुडघ्यावर आली, आणि त्या गुळगुळीत लादीवर अशी कोसळली की मलाच रडू आलं. मरताना शेवटी एकदा टाच घासायची, हे आजोबांनी शिकवलेलंसुद्धा सोडलं नाही.

सगळे टेबलावरून वाकले. मग हर्षवर्धन म्हणाला, "ही मेली का?"

"असं मरता येत नाही!" ध्रुव किंचाळला. "तुझे चाळीस लाइफ पॉइंट्स बाकी होते! तुम्ही जिंकत होतात!"

"पण राजा आला ना," ताई लादीवरूनच म्हणाली.

"मग? मारायचं त्याला!"

"राजाला?"

ध्रुवने तिच्या राक्षसाची माहिती लिहिलेला कागद उचलला आणि चार तुकडे केले. "मरायचं होतं ना? मेलीस." राक्षसाशिवाय उरलेले दोघं काय टिकणार? राजाने हर्षवर्धनला मारलं, मग जादूगारणीला. प्रिती वही छातीशी धरून रडायला लागली. "महिनाभर बनवत होते मी तिला. तुझ्यामुळे गेली."

ताई उठून उभी होती. दशावतारात मेलेला राक्षस पडद्यामागे जातो, तोंड पुसतो आणि पुढच्या प्रवेशात ऋषी होऊन येतो. तिने विचारलं, "आता मी कोण?"

"कोणी नाही," ध्रुव म्हणाला.

आम्ही चपला घालायला लागलो. एवढ्यात हर्षवर्धनने मोबाइल काढला. "ए अक्षदा, ते परत कर ना. आणखी एकदा मर."

ताई थबकली. एक क्षण, खरंच सांगते, तिला वाटलं की हे तेच. ती परत आत गेली. एकदा मेली. "आणखी एकदा!" परत मेली. चौथ्या वेळी सगळे लोळत होते, प्रितीसुद्धा रडता रडता हसत होती. तेव्हा ताईला कळलं, हे ते नव्हे. लादीवर पडल्या पडल्याच कळलं, आणि ती जरा जास्त वेळ उठली नाही.

सोमवारी तो व्हिडिओ वर्गात सगळ्यांकडे होता. पुढची तीन वर्षं, शाळा सुटेपर्यंत, फळ्यापाशी गेली की मागून कोणीतरी म्हणायचंच, "घे की एक गिरकी." पुढच्या रविवारी तिला बोलावणं आलं नाही. ती गेलीही नसती.

पण त्या पहिल्या रविवारी संध्याकाळी आम्ही घरी परतलो तेव्हा आजोबा उंबऱ्यातच उभे होते. "काय म्हणाले गो लोक?"

ताईने खोटं सांगितलं नाही. "म्हणाले, आणखी एकदा मर."

आजोबांनी अख्ख्या मजल्याला बोलावून सांगितलं. तुळसाकाकूंनी साखर वाटली. दुसऱ्या दिवशी म्हातारा लालबागला मंडळाच्या सेक्रेटरीकडे गेला, भांडला, पाया पडला, आणि गणपतीत नातीसाठी राक्षसाचं काम घेऊन आला. बावीस वर्षांत स्वतःसाठी त्याने काही मागितलं नव्हतं. ताई म्हणाली, "मला नाही येत." आजोबा हसले. त्यांना वाटलं, नखरे. गणपतीच्या तिसऱ्या रात्री ती पोटात दुखतंय म्हणून पांघरूण घेऊन पडली, आणि तिचं काम मंडळातल्या साडेसहा फुटी रघूने केलं. वाईट केलं.

आता आजोबा खाटेवरच असतात. उजवा हात चालत नाही. ताई कामावरून आली की ते डावा हात मिशीवर नेतात आणि राजा होऊन म्हणतात, "अरे दैत्या! तुझा काळ जवळ आला!" आणि थांबतात. पुढचं बोलणं राक्षसाचं.

ताई म्हणते, "गोळी घेतली का?"

मागच्या महिन्यात मला राहवलं नाही. त्यांनी हाक दिली, आणि मी दाराआडून बारा वर्षांच्या ताईच्या आवाजात गर्जना केली. चढ, उतार, श्वास, सगळं जसंच्या तसं. माझी इतकी चांगली नक्कल आजवर झाली नव्हती.

आजोबा ऐकत राहिले. मग मान हलवली. "ह्या किर्ती. अक्षदाक बोलव."

ताई मोरीपाशी डबा घासत होती. तिने नळ जरा मोठा सोडला.