पूर्वीचे आजार: नाही

नव्वदच्या दशकाच्या मध्याला मी नेरुळमध्ये विम्याचा एजंट होतो. गरिबांसाठी स्वस्तातली आरोग्य पॉलिसी तेव्हा नुकतीच निघाली होती, आणि जवळच्या गावांतूनही अर्ज आणा, असं शाखेतून सांगितलं होतं. अर्जात पूर्वीच्या आजारांचा रकाना असे. गावात जाण्याआधी चहा पिता पिता मी तो सगळ्या अर्जांवर भरून टाकायचो: नाही, नाही, नाही. मग गावात फक्त नाव, वय आणि सही.

जवळच्याच सारसोळे गावातल्या एका कोळी काकांनी सही करताना सांगितलं, जांघेत गाठ आहे, जाळं ओढलं की खाली उतरते. म्हणजे हर्निया. मी नीट ऐकलं. पण नवा अर्ज भरावा लागला असता आणि बाहेर माणसं खोळंबली होती. काही होत नाही, म्हणालो.

काही महिन्यांनी गाठ अडकली आणि तातडीने ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टरांनी कधीपासून आहे विचारलं, तर त्यांनी खरं सांगितलं, चार वर्षं. केसपेपरवर तेच लिहिलं गेलं. कंपनीने दावा नाकारला: आजार जुना होता आणि अर्जदाराने तो लपवला.

नेरुळच्या सेक्टरमधल्या सोसायट्यांतल्या माझ्या ग्राहकांना मी आधीच समजावलेलं असे, दवाखान्यात विचारलं तर आठ-पंधरा दिवस म्हणा. त्यातल्या एका बँकेतल्या साहेबांच्या हर्नियाचा दावा मी त्याच वर्षी मंजूर करून आणला होता. त्यांचाही जुनाच होता. गावात हे कुणाला सांगावं, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. खरं तर ही माणसं कधी दावा करतील, असं मी धरलंच नव्हतं.

काकांनी ते इंग्रजी पत्र वाचून दाखवायला मला घरी बोलावलं. मी ‘लपवला’ तेवढं गाळून वाचलं.

काकी मासळीची पाटी धूत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “साहेब, पुरता वाचा. दुकानवाल्यानं आमाला आदीच वाचून दावलाय.”

मग मी पूर्ण वाचलं. काकांनी पत्र माझ्या हातून घेतलं आणि त्याची घडी घातली.

“मी तुमाला सांगलं व्हतं ना?”

“हो.”

“मंग तेवडंच लिवून द्या. पैशाचं मिलंल तवा मिलंल. मी लपवलं नाय.”

देतो म्हणालो. दोन ओळींचं पत्र होतं: आजार मला सांगितला होता, रकाना मी भरला. पण ते शाखेत गेलं असतं तर माझे सगळे जुने अर्ज उघडले गेले असते आणि एजन्सी गेली असती. घरात दोन मुलं शिकत होती. पत्र मी लिहिलं, बॅगेत घालून शाखेत नेलं, आणि तसंच परत आणलं. काकांना सांगितलं, दिलं.

त्यानंतर बाजारात भेटले की ते विचारायचे, उत्तर आलं का. चौकशी चालू आहे, असं मी तीन-चार वेळा सांगितलं. मग त्यांनी विचारणं सोडलं. मान हलवून पुढे जायचे.

वर्ष संपत आलं तशी गावातल्या सगळ्यांच्या नूतनीकरणाची वेळ झाली. हप्ते गोळा करायला मीच घरोघरी जात असे. शाखेत जाऊन भरायची कुणाला सवय नव्हती. त्या वर्षी मी सारसोळ्यात गेलोच नाही. काकांच्या घरावरूनच वाट होती. एकेक करून गावातल्या सगळ्या पॉलिस्या बंद पडल्या.