मोटरसायकलवर मावलेली हापशी

"हे गावात भेटते."

मिस्त्री एक अवजार उचलायचे, दोन्ही हातांवर तोलायचे, एवढं म्हणायचे आणि ते परत पोत्यावर ठेवून द्यायचे. मग दुसरं उचलायचे. सकाळी आमच्या तालुक्याच्या ऑफिसच्या मागच्या अंगणात गेलात तर हा कार्यक्रम तुम्हाला फुकटात बघायला मिळायचा. पोत्यावर तीसेक अवजारं मांडलेली, शेजारी स्टँडवर त्यांची जुनी मोटरसायकल, तिच्या दोन्ही अंगांना ताडपत्रीच्या दोन थैल्या. तिसातली सात-आठ अवजारं थैल्यांत जायची आणि बाकीची खोलीत कुलपाआड.

मिस्त्री हापशा दुरुस्त करायचे. हापशी म्हणजे हातपंप, पण आमच्याकडे हातपंप फक्त सरकारी कागदावर असतो. नियमानं हे काम जीपचं. जीपमध्ये चार माणसं, लोखंडी तिपाई, चेनकप्पी आणि सगळा संसार. पण जीप एकच, कधी दौऱ्यावर तर कधी गॅरेजात. गावानं अर्ज दिला की ती उगवायला महिना लागायचा. मिस्त्रींना तो महिना सहन होईना, म्हणून ते आपल्या गाडीवर एकटेच जाऊ लागले. सगळं लोखंड दुचाकीवर मावत नाही हे कुणालाही कळतं. काय सोडून जायचं, हे मात्र त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं.

मी ग्रामसेविका. अनसिंगच्या बाजूला नवीन बदलून आले आणि पहिल्याच महिन्यात एक हापशी बंद पडली. मिस्त्रींचा फोन आला.

"म्याडम, हापशीच्या कामाले येऊन राह्यलो. गावात सब्बल हाय?"

"पहार? असेल."

"शिडी?"

"देवळात आहे."

"अन हापशीवर सगळ्यात जास्त भांडते कोण?"

माणूस भोचक दिसतोय, असं मला वाटलं. हे कशाला हवं, म्हणून मी जरा तोडूनच विचारलं.

"तिले बलावून ठेवा. हापशी कवापासून जड झाली, किती हात मारले का पानी येते, हे तिलेच ठाऊक राह्यते. बाकीचे नुसतं बिघडली म्हणते."

बाई बोलावली. तिनं तारीखवार हकीकत सांगितली, मिस्त्रींनी एक बेअरिंग बदललं आणि दुपारच्या आत निघालेसुद्धा. तेव्हापासून माझ्या सहा हापशांवरच्या सहा भांडखोर बायकांची नावं मी डायरीत लिहून ठेवली आहेत. आमच्या पंचायतीत याहून उपयोगी कागद दुसरा नाही.

एकदा वरून छापील यादी आली, हापशीच्या कामाला जाताना सोबत असावयाची बत्तीस अवजारे. नव्या साहेबांनी मिस्त्रींना अडवून ती कुठे आहेत म्हणून विचारलं. मिस्त्रींनी यादी प्लॅस्टिकमध्ये घालून हँडलला बांधलेली होती. "सोबतच हायेत ना साहेब. बत्तीसच्या बत्तीस." साहेबांना हसावं की रागवावं कळेना, तोवर यांनी किक मारली होती.

स्वतःच्या गाडीसाठी ते दोनच गोष्टी बाळगायचे. एक प्लगपाना, आणि चालू क्लचवायरच्या शेजारीच बांधून ठेवलेली दुसरी क्लचवायर. पंक्चर झालं तर, असं मी एकदा विचारलं. "हवा गावात भेटते." त्याच उन्हाळ्यात मी त्यांना भर दुपारी गाडी ढकलत येताना पाहिलं. घामानं निथळत होते, पण चेहऱ्यावर तोरा कायम. माझ्याशेजारून जाताना त्यांनी गाव किती लांब आहे एवढंच विचारलं, आणि मीही दुसरं काही विचारलं नाही.

कंजूष म्हणाल तर ते नव्हते. वायसरचा डबा त्यांनी कधी तोलला नाही. पाण्याला वर आणणाऱ्या त्या चकत्या, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेल्या, सगळ्यांच्या आधी थैलीत जायच्या. लोखंड कुणाचंही चालतं, वायसर आपला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता वरच्या वस्तीची गोष्ट. तिच्यात माझी चूक आहे, ती आधी सांगून मोकळी होते.

वरच्या वस्तीत चौदा घरं. दिवाळी झाली की सगळी ऊसतोडीला जातात आणि होळीनंतर परततात. तेवढे महिने म्हातारी माणसंही खालच्या गावात नातेवाइकांकडे राहतात. वस्तीला हापशी एकच. ती नसली तर खालच्या विहिरीवरून दीड किलोमीटर चढण चढून पाणी आणायचं. हिवाळ्यात आदेश आला की सगळ्या हापशा तपासा आणि कायमच्या बंद झालेल्यांची यादी द्या. यादीत नाव गेलं की हापशीचं वरचं डोकं काढून नेतात आणि बोअरला टोपण ठोकतात. मी वस्तीत गेले. चौदा दारांना कुलपं. दहा वेळा हापसलं, टिपूस नाही. लिहिलं, पाणी नाही, कायम बंद. खाली सही केली आणि चहाच्या वेळेला घरी पोचले.

होळीनंतर वस्ती परतली आणि सुभद्राबाई पंचायतीत आल्या. वरच्या वस्तीसमोर माझ्या डायरीत यांचंच नाव आहे.

"म्याडम, आमी गेलो तवा हापशी चालू होती. आता कोरडी ठाक. काहून?"

"पाण्याची पातळी खाली गेली असेल."

"खालच्या इहिरीले पानी हाय, अन वर नाही?"

यादीवर माझी सही होती आणि यादी सोमवारी जिल्ह्याला जायची होती. तो गुरुवार होता. मी मिस्त्रींना फोन लावला. त्यांनी एकच विचारलं, वस्ती किती महिने बंद होती. पाच, मी म्हटलं.

"मंग हापशी मेली नाही म्याडम, वाळली. जुनी हापशी हाय ते, चामड्याचा वायसर हाय तिच्यात. पाच महिने कोणी हात लावला नाही तं चामडं आकसनारच."

माझा जीव अर्धा भांड्यात पडला. अर्धाच, कारण वायसर बदलायचा तर जमिनीखालचे अकरा पाईप एकेक करून वर काढावे लागतात. जीप गॅरेजात होती, आठवडाभर मिळणार नव्हती. साहेब मिस्त्रींना म्हणाले, जायचं तर जा, पण पाईप निसटून आत पडला तर बोअर कायमचं गेलं, आणि ते तुमच्या माथी.

शुक्रवारी सकाळी मी मुद्दाम अंगणात जाऊन उभी राहिले. उजव्या थैलीत दोन पाईपपाने, पाईप आवळून धरणारा शिकंजा, ग्रीस आणि वायसरचा डबा गेला. डाव्या थैलीत जागा एकाच वस्तूची, आणि वस्तू दोन. एक चेनकप्पी, जिच्यावर अकरा पाईप आरामात वर येतात. दुसरा नवा सिलिंडर, म्हणजे पाईपांच्या खालच्या टोकाची ती नळी जिच्यात वायसर चालतो. मिस्त्रींनी कप्पी उचलली, ठेवली. सिलिंडर उचलला, ठेवला. असं तीनदा केलं. एवढा वेळ लावताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"कप्पी घ्या," न राहवून मी म्हटलं. मला पाईप निसटायची धास्ती होती.

"कप्पीचं काम दोर अन मानसं करते म्याडम. सिलिंडरचं काम कोनी करत नाही. बैलाच्या वस्तीत दोर भेटतेच."

सिलिंडर थैलीत गेला. मी त्यांच्या मागून स्कूटीवर निघाले.

अकराच्या सुमाराला हापशीचं डोकं उतरलं. वस्ती गोल करून उभी होती. मिस्त्रींनी दोर मागितला आणि एका घरातून बोटाएवढ्या जाडीचा प्लॅस्टिकचा कासरा आला. दुसऱ्या घरातूनही तसाच. मिस्त्रींनी तो हातात घेतला, ताणला आणि इकडेतिकडे पाहिलं. गोठे होते, पण त्यांत मोटरसायकली आणि लाकडं. बैल विकून तीन वर्षं झाली होती.

मिस्त्री हापशीच्या ओट्यावर बसले. जन्मभर ज्या हिशोबावर ते गाडी भरत आले, तो हिशोब इथे चुकला होता.

"म्या इचारलंच नाही," ते म्हणाले. "गलती माह्यी हाय."

कप्पी आणायला परत जायचं, तर खोलीची किल्ली असलेला माणूस आम्ही निघताच रजेवर गावी गेला होता, तो सोमवारीच उगवला असता. तोवर यादी गेली असती. खरं सांगते, त्या क्षणी मला वस्तीपेक्षा माझ्या सहीची जास्त लाज वाटत होती.

"कसा दोर पाह्यजे?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"मनगटाएवढा, ताई."

त्या घरात गेल्या. आतून भांडी घरंगळल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा खांद्यावर दोराचं भलंमोठं वेटोळं होतं. ऊस भरलेली ट्रॉली आवळायचा दोर. आठ दिवसांपूर्वी आलेल्या संसाराची गाठोडी अजून त्यानंच बांधलेली होती, ती सोडून त्यांनी दोर मोकळा केला होता.

"तुमी बैलाच्या दोराचं पाहून राह्यले चाचा. उसाच्या दोराचं कोनी इचारलं काय?"

मिस्त्री हसले. मी त्यांना इतकं मोकळं हसताना पहिल्यांदा पाहिलं. घडीभरात चौदाही घरांतली गाठोडी सुटली आणि ओट्याशेजारी दोरांचा ढीग पडला.

मग जे झालं ते तुम्ही बघायला हवं होतं. पाईपाच्या जोडाखाली दोराचा फास, फासातून सागाची बल्ली, बल्लीच्या दोन्ही बाजूंना चार-चार बायका. पुरुष पुढे सरसावले तशा सुभद्राबाई म्हणाल्या, मोळ्या उचलायची सवय आम्हाला आहे, तुम्ही पाईप धरा. बायका बसल्या, बल्ली खांद्यावर घेतली आणि एका दमात उठल्या. पाईप कमरेइतका वर आला. मिस्त्रींनी शिकंजा आवळला. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. पहिला पाईप, दुसरा, तिसरा. प्रत्येक उचलीआधी मिस्त्री ओठांत बिस्मिल्ला म्हणायचे आणि शिकंज्यावरची नजर हलू द्यायचे नाहीत. सहाव्या पाईपानंतर त्यांनी शिकंजा दोनदा तपासला आणि निंबाखाली रुमाल अंथरून नमाज पढले. तोवर वस्ती ओट्याभोवती गप्प बसून राहिली. कुणी सांगितलं नव्हतं.

अकरावा पाईप वर आला आणि मिस्त्रींनी खालचा सिलिंडर उघडला. वायसर उन्हात राहिलेल्या चपलेसारखा कडक आणि वेडावाकडा झालेला. आणि सिलिंडरला आतून बोटभर लांब चर. नुसता वायसर बदलून भागलं नसतं. मिस्त्रींनी डाव्या थैलीतून नवा सिलिंडर काढला आणि तो माझ्यासमोर क्षणभर धरला. कप्पी घ्या म्हणणारी मीच होते, म्हणून मी निमूटपणे मान हलवली.

पाईप परत आत उतरायला दुपार सरली. डोकं बसलं, साखळीला ग्रीस लागलं. मिस्त्री बाजूला झाले.

"म्याडम, बंदच्या कागदावर सही तुमची हाय. पह्यला हात बी तुमीच मारा."

मी पदर खोचला आणि हापसायला लागले. कोरडा खडखडाट. दहाव्या हाताला माझा हात आपोआप थांबला.

"थांबू नका."

अकरा. पंधरा. वीस. हात भरून आले. मग दांडा एकाएकी जड झाला.

"जड झाली हो," मी घाबरून म्हटलं.

"होऊ द्या. पानी चढून राह्यलं."

तोटीनं एक उचकी दिली, तांबूस पाणी भळकन बाहेर आलं, आणि मग स्वच्छ, मनगटाएवढी धार. माझी अर्धी साडी भिजली. बायका ओरडत होत्या, पोरं धारेखाली घुसत होती, आणि मी दांडा सोडायला तयार नव्हते. मला इतका आनंद नोकरीच्या ऑर्डरीनंही झाला नव्हता. तेवढ्यात सुभद्राबाईंनी हंडा लावला, शेजारणीनं तो सरकवून आपला लावला, आणि पहिला नंबर कुणाचा यावरून दोघींची कडाक्याची जुंपली.

मिस्त्री समाधानानं हात पुसत म्हणाले, "आता झाली चालू."

सोमवारी मी यादीतलं नाव खोडून पुढे 'चालू' असं लिहिलं आणि पुन्हा सही केली. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "जीप तर गॅरेजातच होती. दुरुस्त कशानं केली?"

"मोटरसायकलनं," मी म्हटलं.

मिस्त्री पुढे निवृत्त झाले आणि गेल्या पावसाळ्यात हार्ट अटॅकनं अचानक गेले. मातीला मी गेले होते. वरच्या वस्तीतून ट्रॅक्टरभर माणसं आली होती. मला मिस्त्रींची फार आठवण येते, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

हापशी चालू झाली त्या दिवशी निघताना, थैल्यांचे पट्टे आवळता आवळता, त्यांनी मला एक काम लावून दिलं. "दिवाळीनंतर वस्ती पुन्हा जाईन. चामडं ओलं राह्यलं पाह्यजे. आठ दिवसाले दोन हंडे काढत जा, म्याडम." बस, एवढंच.

म्हणून हिवाळ्यात दर शुक्रवारी मी वर जाते. चौदा दारांना कुलपं असतात. मी स्कूटी निंबाखाली लावते, हंडा ठेवते आणि दांड्यावर हात टाकते. एक हंडा निंबाला घालते, दुसरा ओट्याच्या खळग्यात ओतते, तिथे साळुंक्या येतात. मोजायची गरज आता पडत नाही. पहिल्या हाताला पाणी येतं.