पहिल्या नंबराला मंडळ नाही

आमच्या गावात मे महिन्यात आंब्यांच्या आधी सत्कार पिकतात. नाते-पाचाड रस्त्यावरून आत वळलं की फ्लेक्स सुरू. गावाचं मुंबई मंडळ, आमच्या बौद्धवाडीचं वेगळं मुंबई मंडळ आणि मोहल्ल्यातल्या कुवेतवाल्यांचा ग्रुप, असे तिघे आपापल्या गुणवंत मुलांचा गौरव करतात. गाव ढाल देतं, आम्ही वह्या देतो, मोहल्ला दप्तर देतो. दप्तर सगळ्यात चांगलं असतं, हे आमच्यातलं कुणी कबूल करत नाही.

भाषण मात्र तिन्हीकडे एकच: आपली जिल्हा परिषदेची शाळा टिकली पाहिजे. बोलणाऱ्याचा मुलगा डोंबिवलीत इंग्रजीतून शिकत असतो. गावात राहिलेल्यांची पोरं पिवळ्या गाडीतून महाडला जातात, मोहल्ल्यातली बहुतेक उर्दू शाळेत. मग पाचवी ते सातवीच्या बाकांवर बसतं कोण? बौद्धवाडीतली थोडी, मोहल्ल्यातली एखाददुसरी आणि बाकी सगळी वरच्या आदिवासीवाडीतली. शिकवणारे मराठवाड्यातले, शिकणारे डोंगरावरचे आणि शाळेचा अभिमान मुंबईत.

त्या वाडीतली एक पोर पाचवीपासून शाळेत पहिली येत होती. साहेब गुणवत्ता तपासायला आले की हेडसर तिलाच वाचायला उभं करायचे. मेमध्ये ती तिन्ही सत्कारांना हजर असायची, स्वागतगीत म्हणायला. त्याबद्दल वडापाव मिळायचा. सत्कार तिचा कधीच नाही, कारण तिच्या वाडीला मंडळच नाही.

दिवाळीनंतर ती वाडी रिकामी होते. माणसं घाट चढून कोळसाभट्ट्यांवर जातात, पोरंही बरोबर. ही आजवर आजीपाशी मागे राहायची. ती सातवीत गेली त्या पावसाळ्यात आजी वारली. म्हणजे दिवाळीनंतर हीसुद्धा भट्टीवर, आणि शाळा तिथेच संपली.

हेडसर आमच्या अंगणात येऊन बसले.

"मॅडम, तुम्ही आंदोलनवाल्या. कायतरी करा. ही गेली की माझा सातवीचा निकाल कोळशात गेला बघा."

"आणि ती?"

"ती पण हो. ती पण."

मी पत्रक काढलं. माझी घडणच पत्रकांवर झालीय, भाजी आणायला सांगितली तरी मी मागण्या लिहिते. मागणी साधी होती: एका मुलीला परीक्षेपर्यंत कुणाच्या तरी घरात जागा द्या. तिन्ही मंडळांना पाठवलं.

गावच्या मंडळाचे चिटणीस फोनवर म्हणाले, "भावना योग्य आहेत ताई, पण आपल्या घटनेत 'सभासदांचे पाल्य' असं आहे." कुवेतहून एका चाचांचा आवाज आला, "बेटा, दप्तरं दोन पाठवतो. घराचं म्हणशील तर घरात विचारावं लागेल." ते अजून विचारतायत. या दोघांकडून मी वेगळी अपेक्षा केलीच नव्हती. पण आमचे चिटणीस, दर वीस मार्चला महाडात माईक हातात घेऊन समतेवर तासभर बोलणारा माणूस, म्हणाले, "आपल्याच मुलांचं आधी बघायला नको का?"

मी भडकून दुसरं पत्रक लिहायला बसले. आई शेजारी सुकट निवडत होती.

"वाच बघू मोठ्यानं."

वाचलं.

"यात आपलं घर कुठं हाय?"

"आई, हा शासनाच्या जबाबदारीचा प्रश्न आहे."

"बरं. शासन आलं की त्याला देऊ खाट. तवर त्या पोरीला दे. तुझे पत्रकांचे गठ्ठे झोपतात त्या खाटेवर, ते उतरव गो."

दिवाळी झाली आणि बाप तिला सोडायला आला. आईला म्हणाला, "बाय, कामाला लाव, पन शाळेला सोड." पोरीने पिशवी खाटेखाली सरकवली आणि तिथलं एक पत्रक ओढून वाचायला घेतलं. बराच वेळ वाचल्यावर विचारलं, "ताई, हे वाक्य संपतंय कुठं?" त्या वर्षी माझी पत्रकं आखूड झाली.

सातवीतही ती पहिली आली. लगेच आमच्या चिटणीसांचा फोन. आवाजात साखर.

"ती आता तुमच्या घरात राहते ना? मग सभासदाची पाल्यच धरू. फोटो पाठव, फ्लेक्सला."

तोवर गावच्या मंडळाचाही निरोप आला होता, तिकडे ती एका रात्रीत 'गावाची लेक' झाली होती. मी फोन स्पीकरवर टाकला. पोर भांडी घासता घासता म्हणाली, "माझा बाप पावसाच्या तोंडाला येतो. सत्कार तवा ठेवा."

"अगं, तेव्हा मुंबईकर परत गेलेले असतात."

"मंग ऱ्हाऊ द्या."

चिटणीस माझ्यावर घसरले. मी शिकवलं म्हणे. मी काय शिकवणार, मी तर फ्लेक्सवर काय लिहायचं ते मनात जुळवत होते.

सत्कार झाले. ती गेली नाही. स्वागतगीत हेडसरांनी स्वतः सुरू केलं, पोरं एका सुरात आणि ते दुसऱ्या. ढाली डोंबिवलीला गेल्या.

बाप आला तेव्हा ढग भरून आले होते. गुणपत्रिका त्याने उलटसुलट बघितली आणि आईलाच विचारलं, "आता?"

"आठवी. खालच्या हायस्कूलात. आता वाडीवरनं जाईल चालत."

"आनि दिवाळीनंतर?"

"खाट हाय."

तो मान हलवून उठला. पोर पिशवी घेऊन त्याच्यामागून चढण चढून गेली, वळूनही बघितलं नाही. मी खोली मोकळी झाली म्हणून गठ्ठे उचलून पुन्हा खाटेवर रचायला लागले.

"खालीच ठेव," आई आतून म्हणाली. "दिवाळी काय लांब नाय."