यंत्राची परीक्षा

"परीक्षा यंत्राची हाय, लेकरांची न्हाय," असं म्हणून आमचे गणिताचे सर खडूनं पांढरं झालेलं बोट टेबलावर आपटायचे. असा हेकट मास्तर तुम्हीही पाहिला असेल.

भूमजवळच्या त्या शाळेत मी पाणी भरायची. दुष्काळाचं साल. साखर कारखान्याच्या चेअरमननं शाळेला कॉम्प्युटर दिला, त्यात सातवीच्या गणिताचे धडे. त्यानं पोरं सुधारतात का, हे सरांनी तीन महिने तपासून लिहून द्यायचं होतं. यंत्र तापू नये म्हणून खोलीला वाळ्याचा पडदा. त्यावर मी रोज दोन घागरी ओतायची आणि पोरं कोरड्या घशानं टँकरची वाट बघायची. अजून डोकं फिरतं.

हेडमास्तर म्हणाले, "हुशार पोरं बसवा की यंत्रापुढं."

"ती आधीच हुशार हायत. मग यंत्रानं काय केलं ते कसं कळंल?"

सरांनी सगळ्या वर्गाच्या चिठ्ठ्या माझ्या पदरात टाकल्या. "मावशी, तुमचं लेकरू न्हाय ह्या वर्गात. तुम्हीच काढा." मी काढल्या, त्यांनी वाचल्या. अर्धी पोरं यंत्रापुढं, अर्धी फळ्यापुढं. कारखान्याचा एक सभासद भांडत आला, "बौद्धवाड्यातली पोरगी यंत्रापुढं, अन् माझा पोरगा फळ्याला?"

सर म्हणाले, "चिठ्ठीला विचारा."

तीन महिन्यांनी सरांनी नावं झाकून पेपर तपासले. दोन्हीकडं सारखेच गुण. तसंच लिहिलं. खाली एक ओळ जास्तीची: पाण्याला जाणारी पोरं दोन्हीकडं मागं पडली.

चेअरमनला वार्षिक सभेत यंत्राचं कौतुक वाचायचं होतं. तो कडाडला, "मास्तर, खोडा ते!"

"खोडल्यावर पोरं पाण्याला जायची थांबतेत का?"

आठ दिवसांत हेडमास्तरांनी माझ्यापुढं कागद सरकवला. "मावशी, रजेचं हाय. करा सही." मी चौथी शिकलेली. कागदात लिहिलं होतं, सरांनी फळ्याच्या पोरांना पेपर आधीच फोडला, मी डोळ्यांनी पाहिलं. साफ खोटं.

त्या कागदावर सरांची बदली झाली. एसटीत चढण्याआधी ते माझ्याकडं आले. मला वाटलं, आता शिव्या देणार.

"मावशी, मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला वाचता येत न्हाय, म्हणून त्यांनी फसवलं."

सही करण्याआधी मी तो कागद दोनदा वाचला होता; नाही म्हटलं असतं तर माझं पाण्याचं काम गेलं असतं. गाडी हलली, तशी मी पडद्यासाठी घागर भरायला वळले.